मालक, दार उघडं आहे

दौंड जंक्शनवरून माणूस कुठंही जाऊ शकतो. कलकत्ता, मद्रास, दिल्ली, बंगलोर; नुसतं फलाटावर उभं राहायचं, गाडी आपणहून समोर येऊन थांबते. फक्त एका गावाला गाडी नाही. शिरूरला. आणि माझी बायको शिरूरला होती.

हा विनोद नियतीनं खास माझ्यासाठी रचला होता, अशी माझी त्या दिवसांत खात्री होती. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात होतो. टाकीतली पातळी दाखवणारे, वाफेचा दाब मोजणारे, काही बिघडलं की बोंब मारणारे जे काटे-घंटा-दिवे असतात, त्यांचा मी वैद्य. राहायला दौंडला, स्टेशनमागे एका खोलीत. बायको शिरूरच्या शाळेत शिक्षिका. तिची बदली होणार नव्हती, कारण संस्थेला शाळाच एक. माझी होणार नव्हती, कारण कंपनीला शिरूरमध्ये काय काम? सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी चौफुल्यावर जायचो, मिळेल ती गाडी धरायचो, न्हावऱ्यावरून हादरत हादरत घरी पोचायचो, आणि दुसऱ्या दिवशी तोच रस्ता उलटा. मधले दिवस खोलीत पडून गाड्यांच्या शिट्ट्या ऐकायच्या. सगळं जग कुठं ना कुठं चाललेलं असायचं.

मला फार काही नको होतं. दिवसातून एकदा तिचा काहीतरी निरोप हवा होता. ‘जेवले’ एवढा चालला असता.

तुम्ही म्हणाल, फोन करायचा. केला ना! आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या मावशींकडे होता. मी दौंडच्या बूथवरून तो लावायचो, मावशी खिडकीतून हाक मारायच्या, ही पदर सावरत जायची. मग आमचा संवाद सुरू व्हायचा, तो असा.

“कशी आहेस?”

“बरी आहे.”

“काय केलंस आज?”

यावर मागून मावशींचा आवाज. “आगं सांग की, दोडका केला व्हता! मला बी दिला वाटीभर. जरा आळणी झाला व्हता, पण सांग.”

“दोडका,” ही म्हणायची.

“आणि?”

“ठेवू?”

हिचा स्वभावच असा. समोरासमोर बसली की वर्गातल्या साठ पोरांच्या नकला करून दाखवील, पण फोनच्या नळीत तिचे शब्द गोठायचे. त्यात मावशी पाय पसरून शेंगा निवडत समोर बसलेल्या. पत्र? “मी दिवसभर वह्या तपासते, घरी येऊन परत लिहू?” असा जबाब. माझ्याकडे कंपनीनं दिलेला मोबाईल आला होता, पण तिला घेऊन देतो म्हटलं तर, “नको. शाळेतल्या बायका म्हणतील, हिचा नवरा पाळत ठेवतो.”

मग मी, इन्स्ट्रुमेंट खात्यातला हुशार गडी, यावर तोड काढली. बायको लिहीत नाही काय? ठीक आहे. घराला लिहायला लावू.

पुण्यात बुधवार पेठेत जुन्या सामानाच्या दुकानांतून मला एक थकलेला काँप्युटर मिळाला आणि एक मोबाईल. त्या मोबाईलचा कान गेलेला, तोंड गेलेलं, अर्धी बटणं मेलेली. बोलता येत नव्हतं, ऐकता येत नव्हतं. पण केबल लावली की काँप्युटरकडून हुकूम घेऊन निरोप तेवढा पाठवायचा, आणि गेला की टुक करायचा. दुकानदार म्हणाला, “याचं काय करणार?” मी म्हटलं, “याला नोकरी लावणार.”

पुढचे कित्येक सुट्टीचे दिवस मी शिरूरच्या घरात स्टुलावर चढून घालवले. भिंतीतल्या कपाटात, वरच्या फळीवर पितळेचे डबे, खालच्या फळीवर काँप्युटर. तो फोन लाकडी पाटाच्या तुकड्याला रबरबँडांनी बांधलेला, मांडवात बसवलेल्या नवरदेवासारखा. गच्चीवरच्या टाकीत तरंगता फुगा, टाकी भरली की मोटर बंद करणारा. दाराच्या चौकटीत लोहचुंबकाची कळ, दार उघडं आहे की लावलेलं ते सांगणारी. लाईट जाईल तेव्हाच्या सोयीसाठी स्कूटरची जुनी बॅटरी. आणि हे सगळं मला कळवणारा एक प्रोग्राम, जो मी दौंडच्या खोलीत रात्ररात्र जागून लिहिला होता.

निरोपांची भाषा मी मुद्दाम दरबारी ठेवली. घरानं मला मालक म्हणायचं ठरलं. “मालक, टाकी भरली.” “मालक, लाईट गेली.” “मालक, लाईट आली.” दार पाच मिनिटांपेक्षा जास्त उघडं राहिलं, तर “मालक, दार उघडं आहे.” अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी, आणि अदब पेशव्यांच्या काळातली.

बायकोनं कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं. “म्हणजे घराला फोन घेतला.”

“हो!”

“आणि मला नाही.”

“तूच नको म्हणालीस ना.”

“घर तुम्हाला मालक म्हणणार, आणि घराची झाडलोट मी करणार.”

“तुझ्यासाठीही एखादा निरोप घालू का?”

“मला स्वयंपाक आहे,” म्हणून ती आत गेली. जाताना फोनवरची धूळ पदरानं पुसून गेली, हे मी पाहिलं होतं.

आता दुसरा अंक. कंपनीत मोबाईल आत न्यायला बंदी होती, आत सगळा ज्वालाग्राही माल. गेटवर सिक्युरिटीकडे फोन ठेवायचा, संध्याकाळी सुटताना घ्यायचा. त्यामुळे झालं असं की, माझ्या घराचा अख्खा दिवस मला गेटवर एकदम मिळायचा. फोन चालू केला की टुक, टुक, टुक, टुक. टाकी भरली, लाईट गेली, लाईट आली, लाईट गेली. मग आम्ही कंपनीच्या बसमध्ये बसायचो दौंडकडे जायला, आणि शेजारी बसायचे बॉयलरवरचे भाई.

भाई दौंडचेच, चार पिढ्यांपासूनचे. पांढरी होत आलेली दाढी आणि आवाज असा, की बॉयलरच्या शेजारी उभं राहूनही ऐकू जावा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझा फोन हातातून घेतला आणि बसमध्ये उभं राहून जाहीर वाचन सुरू केलं.

“ऐका हो ऐका! मालकांच्या घरून आलेला खलिता! मालक, टाकी भरली!”

“वा!” सगळी बस.

“मालक, लाईट गेली!”

“अरेरे!”

“मालक, लाईट आली!”

टाळ्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायचा. त्या काळी लाईटीनं दिवसातून इतक्यांदा यायचं-जायचं की बातम्यांना तोटा नव्हता. एखाद्या दिवशी मोटर चालूच झाली नाही, तर मागच्या बाकावरून काळजीचा आवाज यायचा, “मालक, वहिनी गावाला गेल्या का वो? टाकी भरल्याली न्हाई आज.” मी खोटं कशाला बोलू, मला त्या तमाशात भयंकर मजा यायची. मी उठून मुजरा करायचो.

पण एक निरोप बसमध्ये असतानाच यायचा. दिवस मावळताना, बस कुरकुंभ सोडून दौंडच्या रस्त्याला लागलेली, उसाच्या फडांवर तो धुरकट उजेड. खिशात टुक.

“मालक, दार उघडं आहे.”

रोज. रविवार नाही, सण नाही. हा निरोप भाई कधी मोठ्यानं वाचायचे नाहीत. फोन माझ्याकडे परत द्यायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. मीही बघायचो. मला आमचा उंबरा दिसायचा, त्याच्यापुढची रांगोळीची पुसट रेघ, कोनाड्यातला दिवा. ती दिसायची नाही. तिला बघायचा मी फार प्रयत्न करायचो, पण तिचा चेहरा आला की तो फोनच्या नळीतला असायचा, ‘ठेवू?’ म्हणणारा.

एका सुट्टीला मी तिला विचारलं, “संध्याकाळी दार एवढा वेळ उघडं का ठेवतेस?”

ती तांदूळ निवडत होती. “तिन्हीसांजेला दार लावायचं नसतं. लक्ष्मी परत जाते.”

“रोज?”

“लक्ष्मी काय आठवड्यातून एकदा येते?”

मी समजलो. म्हणजे काहीच समजलो नाही, पण माझ्या खात्याचा नियम आठवला. आमच्या कंपनीत एखादी घंटा रोज विनाकारण वाजायला लागली, तर ती घंटा बिनकामाची. माणसाचा कान तिला सरावतो, आणि खरा बिघाड झाला तरी तो उठत नाही. अशी घंटा आम्ही रीतसर परवानगी काढून बायपास करतो. इथं परवानगी कोणाची? मालक मीच. तिची पाठ वळताच मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. दिवेलागणीच्या वेळी दार उघडं दिसलं, तर गप्प बसावं. खरा चोर काय तिन्हीसांजेला येणार?

दुसऱ्या दिवशी बसमध्ये नेहमीचा खलिता झाला. टाळ्या झाल्या. बस दौंडच्या रस्त्याला लागली. सूर्य गेला. खिशात काही वाजलं नाही.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. “आज दार न्हाई बोललं?”

“बंद केलं मी ते. उगाच वाजायचं.”

भाईंनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “मालक, आमची बेगम दिवसातनं धा फोन करती. एकबी कामाचा नसतो. मी कवा बायपास केला का?”

मी हसलो. मोठ्यानं हसलो. पण खोलीवर येऊन स्टोव्ह पेटवला आणि लक्षात आलं, आज आपल्याला भूकच नाही. मला वाटलं हवा बदलली. तुम्हाला सांगतो, शिकलेला माणूस स्वतःच्या पोटाशीसुद्धा किती खोटं बोलतो.

तीन-चार दिवस असे कोरडे गेले. आणि मग एका संध्याकाळी बस त्याच रस्त्याला, फडांवर तोच उजेड, आणि टुक.

“मालक, लाईट गेली.”

थोड्या वेळानं परत टुक. “मालक, लाईट आली.”

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी तेच. ऐन दिवेलागणीला लाईट जाणार आणि लगेच येणार. बसमध्ये चर्चा पेटली. एक म्हणाला, “शिरूरचा वायरमन घड्याळ लावून बसतो वाटतं.” दुसरा म्हणाला, “फ्यूज ढिला आसंल.” मी शास्त्रीय मत दिलं की, संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे एकदम लागतात, दाब पडतो आणि मेन स्विचचा कुठला तरी सांधा सुटतो. भाई म्हणाले, “व्हय व्हय, सांधाच सुटलाय,” आणि दाढीतल्या दाढीत हसले.

सुट्टीला मी मीटर, टेस्टर, पक्कड असा सगळा दवाखाना पिशवीत घालून शिरूर गाठलं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी, पण ही शाळेत. दिवसभर मी मेन स्विच उघडून बसलो. सगळं घट्ट, सगळं स्वच्छ. शेवटी शेजारी जाऊन विचारलं, “मावशी, रोज संध्याकाळी लाईट जाते ना हो?”

“संध्याकाळी? न्हाई बा. सकाळी जाती, दुपारी जाती, ऐन गिरणीत दळण आसलं म्हंजी तर जातीच. पण दिवेलागणीला आसती. का रं?”

आता मात्र माझ्यातला नाटक्या जागा झाला. ही शाळेतून आली, चहा झाला. मी पिशवी उचलली. “आज लवकर निघतो. पुढं गाडी मिळत नाही.”

ती हात पुसत उठली. फाटकापर्यंत आली. “डबा घेतला?”

“घेतला.”

मी ताठ मानेनं कोपऱ्यापर्यंत चालत गेलो, कोपरा वळलो, मागच्या बोळातून परत आलो आणि मावशींच्या स्वयंपाकघरात शिरलो. मावशी किंचाळणार होत्या. मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनी एका क्षणात सगळं ओळखलं, म्हणजे सगळं चुकीचं ओळखलं, आणि कुजबुजल्या, “काय रं लेका, संशय घितोस व्हय सोन्यासारख्या पोरीवर?”

“वायरिंगवर घेतोय, मावशी.”

“मंग बस. पवा खातो का?”

त्यांच्या खिडकीतून आमचं दार आणि आतली अर्धी खोली दिसायची. मी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसलो. ऊन भिंतीवरून उतरलं. हिनं दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, कोनाड्यात दिवा लावला, हात जोडले. मग तिथंच पायरीवर बसली, हात गुडघ्यांभोवती. बोळात पोरं ओरडत होती, कोणाची तरी सायकल गेली. ती कशाकडेच बघत नव्हती. मान मागं वळवून कपाटाकडे बघायची, परत समोर. परत मागं. एखादी बाई स्टँडवर गाडीची वाट बघते ना, येणाऱ्या दिशेला सारखी मान वळवत, तशी.

बऱ्याच वेळानं उठली. आत गेली. मेन स्विचपाशी स्टूल मी दुपारी ठेवलेलं तसंच होतं, त्यावर चढली. आणि आमचं घर अंधारलं. आजूबाजूचं सगळं शिरूर उजळलेलं, मध्येच आमचं एक घर काळं. कोनाड्यातला दिवा तेवढा होता.

माझ्या खिशात टुक. “मालक, लाईट गेली.”

मग घर परत उजळलं. टुक. “मालक, लाईट आली.” तेवढ्यात कपाटातल्या फोनचा चिमुकला पडदा हिरवा झाला असणार, कारण ती वाकून तिकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला इतके महिने बसच्या खिडकीत दिसत नव्हतं.

मावशी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. “आगं बया,” त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातली बशी काढून घेतली. “जा की आता. पवं काय खातोस?”

मी गेलो. ती दारातच होती. मला बघून दचकली नाही, फक्त म्हणाली, “गाडी चुकली?”

“हो.”

मला बोलायचं होतं पुष्कळ. साठ लोकांच्या बसपुढं मुजरे करणारा मी, आणि तोंडातून निघालं काय? “मेन स्विच असा खाली-वर करू नये. काँप्युटरला त्रास होतो.”

“मग दाराचं परत चालू करा.”

“तुला कसं कळलं ते बंद केलंय?”

ती परत पायरीवर बसली. “पूर्वी दार उघडून बसलं की थोड्या वेळानं कपाटात टुक व्हायचं. म्हटलं, पोचलं. मग उठून कणीक मळायला घ्यायचे. आता बसते, बसते, टुकच होत नाही. मग स्वयंपाकाला लागायचं कधी?”

“तू तर म्हणाली होतीस, लक्ष्मीसाठी.”

“लक्ष्मीला आत यायला पाच मिनिटं लागतात का हो? तिचं लगेच होतं. पाच मिनिटांच्या पुढं बसायचे ते...” आणि तिथं तिचे शब्द नेहमीसारखे गोठले. या वेळी फोनची नळी नव्हती, मावशी होत्या. खिडकीत, पदर तोंडाला लावून.

त्या संध्याकाळी मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी धरली आणि कंपनीत उशिराचं कारण ‘घरातली वायरिंग’ असं सांगितलं. पण त्याआधी कपाटापुढं बसून ती एक ओळ खोडली. म्हटलं, आता हा निरोप तुझा. तूच सांग, काय लिहू? मी एकेक नमुने सादर केले. “प्राणनाथ, दासी उंबऱ्यावर उभी आहे.” “शिरूरची राणी आठवण काढते.” ती हसून हसून लाल झाली. मग कणकेचे हात तसेच घेऊन उभी राहिली, विचार करत.

“आहे तोच राहू द्या,” ती म्हणाली. “फक्त ते मालक काढा.”

पुढच्या संध्याकाळी बसमध्ये टुक झालं. भाईंनी फोन घेतला, वाचला, भुवई वर केली. “दार उघडं आहे. बस्स? आज घरानं मालक न्हाई म्हटलं.”

“हे घर नाही म्हणत, भाई.”

त्यांनी फोन परत दिला आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

असं किती दिवस चाललं म्हणून सांगू. पावसाळ्यात निरोप दमट यायचा असं मला वाटायचं, हिवाळ्यात लवकर. कधी नेटवर्क नसायचं आणि तो दौंड स्टेशनच्या पुलावर चढताना एकदम यायचा. खाली मद्रासची गाडी, कलकत्त्याची गाडी, आणि माझ्या हातात शिरूरचं दार. पुलावर उभं राहून मी ते वाचायचो. मग खाली उतरून खोलीवर जायचो आणि मला भूक लागलेली असायची.

मग रांजणगावच्या एमआयडीसीत मला नोकरी लागली. शिरूरपासून हाकेच्या अंतरावर. भाईंनी बसमध्ये निरोपाचं भाषण केलं, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी ट्रंक घेऊन घरी आलो. पहिल्या संध्याकाळी मी खुर्चीत बसलेलो, हिनं दार उघडलं, दिवा लावला, पायरीवर बसली. थोड्या वेळानं कपाटात टुक, आणि माझ्या खिशात टुक. सहा पावलांवरून मला कळवण्यात आलं की दार उघडं आहे. आम्ही दोघं इतके हसलो की मावशी धावत आल्या.

त्यानंतर तो फोन फार दिवस टिकला नाही. काम संपलं असं त्याला कळलं असावं. आता घरात दोघांकडे दोन फोन, दिवसभर वाजतात. तिचे मला निरोप येतात: “दूध आणा.” “गॅस आला.” “कुठे आहात?” सुवाच्य, मराठीत. हवं होतं तेच मिळालं, आणि तक्रार करायला जागा नाही. मावशी गेल्या. भाईंशी ईदला बोलणं होतं, ते अजून विचारतात, “मालक, टाकी भरली का?”

परवा दिवस कलताना मी चपला घातल्या. ती भाजी चिरत होती.

“कुठं?”

“जरा स्टँडपर्यंत.”

“काय काम?”

“काही नाही.”

तिनं वर पाहिलं. सुरी ठेवली. “जा मग. पण लगेच परत येऊ नका,” ती म्हणाली, आणि हात धुवायला उठली.

मी कोपऱ्यापर्यंत गेलो. वळलो नाही. तिथंच उभा राहून बघत होतो. दोन्ही फळ्या उघडल्या, पाणी शिंपडलं, कोनाड्यात उजेड झाला. ती पायरीवर बसली. लक्ष्मी केव्हाच आत गेली असेल. ती बसूनच होती. माझा हात आपोआप खिशाकडे गेला, आणि तिथंच राहिला.